फॅक्ट बटणवाला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, मोठी संख्या अर्धीच फोडतो तरी घेण्यासारखा

भाचीच्या अकरावीसाठी मेनरोडच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून घेतला, पंधराशेच्या आत बसला. पंधरा दिवस आम्ही दोघं मिळून वापरतोय आणि मला सगळ्यात आवडलं ते फॅक्ट बटण, संख्या टाका, बरोबरचं बटण दाबा, मग शिफ्ट आणि फॅक्ट, लगेच मूळ अवयव समोर. पहिला नाशिकचा पिनकोडच टाकला, ४२२००१, आलं ३² × ४६८८९. अंकांची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातोय, म्हणजे आपला पिनकोड हर्षद संख्या आहे! हे नाव ज्यांनी दिलं ते गणितज्ञ द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते, हर्षद म्हणजे हर्ष देणारी. भाचीला हे माहीतच नव्हतं, जाम खुश झाली.

मग दहा आकडी १२३४५६७८९० टाकली. ही पण हर्षद, बेरीज ४५, भागाकार २७४३४८४२. पण फॅक्टने दिलं २ × ३² × ५ × (१३७१७४२१). आम्हाला वाटलं कंसातली मूळ संख्याच असणार, भाचीने वहीत तसं लिहिलंही आणि एकूण विभाजक २४ काढले. चुकलं. हे मशीन तीन आकडी मूळ संख्यांपर्यंतच भाग लावून बघतं, त्यापुढचं जमलं नाही की उरलेलं कंसात ठेवून देतं, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

पण तोच कॅल्क्युलेटर वापरून पुढचं दोन मिनिटात होतं, फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची जुनी पद्धत, संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडायची. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ च्या थोडं वर, म्हणून ३७०४ चा वर्ग घेतला, त्यातून संख्या वजा केली, २१९५ उरले, हा पूर्ण वर्ग नाही. ३७०५ घेतला तर उरले ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! मग ३७०५ मधून ९८ वजा केले आणि ९८ मिळवले की ३६०७ आणि ३८०३, दोन्ही मूळ. विभाजक २४ नाही, ४८. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज १९७७०४२७९८ येते, संख्येपेक्षा जास्त, म्हणून ही विपुल संख्या. भाचीने हे स्वतः मांडलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं ना.

अजून एक, स्क्रीनवर दहाच आकडे मावतात. १४२८५७ चा वर्ग अकरा आकडी, शेवटचा आकडा दिसतच नाही. त्यातून २००००००००००, म्हणजे २ वर दहा शून्यं, वजा करा, ४०८१२२४४९ दिसतं, म्हणजे पूर्ण वर्ग २०४०८१२२४४९. आता त्याचे दोन तुकडे करून २०४०८ आणि १२२४४९ ची बेरीज करून बघा, परत १४२८५७ येते, अशा संख्येला कापरेकर संख्याच म्हणतात.

बटणं मऊ आहेत, सोलर पण चालतं. पाचपैकी चार स्टार, एक त्या कंसापायी कापला. घ्यायला जाल तेव्हा दुकानातच १२३४५६७८९० टाकून बघा आणि कंस आला तर मुलांना तिथेच सांगून ठेवा की हे उत्तर अजून अर्धं आहे.