‘सीएसआर मिळवून देतो’ : बालवाड्या चालवणाऱ्या छोट्या संस्था कशा फसतात

मार्च जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरू लागतात. सीएसआर फंड (मोठ्या कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचे पैसे) उपलब्ध, एक कोटीपासून शंभर कोटींपर्यंत, परतफेड नाही, १२ए आणि ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणाऱ्या आयकर नोंदण्या) असलेल्या संस्थांनी फाइल पाठवावी. वीटभट्टीवर, ऊसतोड मजुरांच्या तळावर, वस्तीत बालवाड्या चालवणाऱ्या संस्था याला हमखास बळी पडतात, कारण शिक्षिकांचं दोन-तीन महिन्यांचं मानधन थकलेलं असतं आणि कंपन्यांच्या दारात त्यांची ओळख नसते.

आधी आकडा बघा. पंचवीस मुलांच्या बालवाडीचा साधा हिशोब मांडू. शिक्षिकेचं मानधन ८,००० आणि मदतनिसाचं ४,०००. मुलामागे रोज १० रुपयांचा खाऊ धरला तर २४ दिवसांचे ६,००० होतात. भाडं आणि साहित्य २,०००. म्हणजे महिन्याला २०,००० आणि दहा बालवाड्यांचे वर्षाला २४ लाख. अशा संस्थेला कोणी पाच कोटी देऊ करतो, तेव्हा तो वीस वर्षांचा खर्च एका झटक्यात देतोय. खरी कंपनी असं करत नाही. ती वर्षाचं अंदाजपत्रक मागते, हप्त्याहप्त्याने पैसे सोडते, आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र बघते. तिला तसं करावंच लागतं, कारण पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले हे तिच्या वित्तप्रमुखाला संचालक मंडळापुढे लिहून द्यावं लागतं.

फसवणुकीची चाल ठरलेली आहे. पहिल्या फोनवर कोणी पैसे मागत नाही. संस्थेची घटना, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट, विश्वस्तांचे आधार, रद्द केलेला धनादेश एवढंच मागतात. आठवड्याभरात कंपनीचा लोगो असलेलं मंजुरीपत्र येतं. मग ‘सर्व्हे’साठी दोघे-तिघे गाडीतून येतात, मुलांचे फोटो काढतात, पाचशेच्या मुद्रांकावर करार होतो. पैशांचा विषय निघतो तो इथून पुढे. फाइल चार्ज, मग मुद्रांक शुल्क, मग ‘टीडीएस (रकमेतून कापला जाणारा कर) आगाऊ भरा’, शेवटी ‘रक्कम रिझर्व्ह बँकेत अडकली, क्लिअरन्स फी लागेल’. प्रत्येक रक्कम आधीपेक्षा थोडी मोठी. आधी भरलेले बुडू नयेत म्हणून विश्वस्त पुढची भरत जातात.

यातलं एकही कारण टिकत नाही. टीडीएस लागू असला तर देणारा तो कापून उरलेली रक्कम देतो, घेणाऱ्याकडून आधी वसूल करत नाही. देशातल्या देशात देणगी द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. आरटीजीएसचे, म्हणजे मोठ्या रकमेच्या बँक हस्तांतरणाचे, पैसे बँकेत पोचल्यावर अर्ध्या तासात खात्यावर जमा व्हायला हवेत, त्यामुळे यूटीआर क्रमांकाचा (अशा व्यवहाराच्या ओळख क्रमांकाचा) स्क्रीनशॉट दाखवून चार दिवस थांबायला सांगणारा खोटं बोलतोय. तो क्रमांक घेऊन आपल्या शाखेत विचारा, तिथल्या तिथे कळतं. सीएसआर-१ अर्जालाही, म्हणजे सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेने सरकारकडे करायच्या नोंदणीलाही, सरकारी शुल्क नाही. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंदणी फुकट आहे. खर्च येतो तो सनदी लेखापाल आणि डिजिटल स्वाक्षरी यांचा, आणि त्या स्वाक्षरीचा पेनड्राइव्ह संस्थेच्या कपाटातच राहायला हवा. ‘विदेशी फंड दुसऱ्या संस्थेमार्फत वळवून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसरीकडे वळवता येत नाही.

फाइल चार्ज गेला तर लाख-दोन लाख जातात. आमच्या मते त्याहून घातक प्रकार दुसरे आहेत, आणि त्यांची चर्चा कमी होते.

एक म्हणजे रोख परतीचा. ‘आम्ही ५० लाख आरटीजीएस करू, ३५ लाख रोखीने परत द्या.’ कधी हेच सभ्य भाषेत येतं, म्हणजे शैक्षणिक संच आमच्याच पुरवठादाराकडून घ्या. चटया, ठोकळे, घसरगुंडी यांची बिलं तिप्पट दराने येतात, माल अर्धाच येतो. खोट्या खर्चावर सही विश्वस्तांची असते. चौकशी होते तेव्हा मध्यस्थाचा फोन बंद असतो आणि आयकराची नोंदणी मात्र संस्थेची जाते.

दुसरा प्रकार खात्याचा. ‘मोठी रक्कम येणार आहे, नवीन चालू खातं उघडा,’ असं सांगून नेटबँकिंगचा पासवर्ड, खात्याला जोडलेलं सिम, सह्या केलेले कोरे धनादेश आणि कोरे लेटरहेड नेतात. मग त्या खात्यात खरंच पैसे येतात, पण सायबर फसवणुकीत लुबाडलेल्या माणसांचे. एका राज्यातून तक्रार झाली की खातं गोठतं, विश्वस्तांना परराज्यातल्या पोलिसांची नोटीस येते, आणि बँकेने संस्थेची बाकीची खातीही रोखून धरली तर मुलांचा खाऊ बंद पडतो.

खरं-खोटं पडताळायला दोन तास पुरतात. सीएसआरचं बंधन सगळ्या कंपन्यांना नसतं. आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीलाच ते लागू होतं. कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं. २०२२ मध्ये नमुना बदलला, त्याआधीच्या परिशिष्टांत प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि काम करणाऱ्या संस्थेचं नाव दिलेलं असे; नंतरच्या अहवालांत ते असेलच असं नाही. अशा एखाद्या संस्थेला फोन करून कोणाशी बोलणं होतं ते विचारा. नंतर मध्यस्थाने दिलेल्या नंबरवर नव्हे, तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या नंबरवर मंजुरीपत्राचा जावक क्रमांक सांगा. पत्र जीमेलवरून आलं असेल तर एवढेही कष्ट घेऊ नका.

पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. कागद आणि धनादेश दिले असतील तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवून धनादेशांचे क्रमांक देऊन ते थांबवा, सिम आणि पासवर्ड बदला, डिजिटल स्वाक्षरी रद्द करून नवीन काढा. पोलिसांकडच्या तक्रारीत दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी तारखेसह लिहा आणि शिक्क्याची पोच घ्या. त्या कोऱ्या लेटरहेडवर पुढे काही निघालं, तर विश्वस्तांकडे दाखवायला तीच पोच असते.