स्वतः बांधलेला वॉटर-कूल्ड डेस्कटॉप : आठेक महिने रोज रेंडर केल्यानंतरचा अनुभव

कस्टम वॉटर कूलिंग म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘तापमान किती उतरलं?’ आठेक महिने रोज वापरल्यावर मला वाटतं की आधी दुसरंच काहीतरी विचारायला हवं. मशीन तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबत असताना त्याच खोलीत बसून शांतपणे काम करता येतं का? पंपाने पाणी फिरवून चिपांची उष्णता रेडिएटरपर्यंत नेणारा हा बंद फेरा, म्हणजे लूप, मी बांधला तो यासाठी, आणि या एका बाबतीत त्याने मला पूर्ण समाधान दिलं आहे. बाकी गोष्टींबद्दल सविस्तर सांगते, कारण त्यात बरं-वाईट दोन्ही आहे.

मशीनमध्ये रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड आणि ६४ जीबी रॅम आहे. काम ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी सीन उभे करण्याचं आणि लांबलचक रेंडर लावण्याचं, म्हणजे त्या सीनची अंतिम चित्रं मशीनकडून काढून घेण्याचं. ३०९० हे २०२० सालचं कार्ड, त्यानंतर वेगवान कार्डं आली. पण त्याची २४ जीबी मेमरी माझ्या मोठ्या सीनना अजून पुरते, म्हणून ते बदललं नाही. लूपमध्ये दोन वॉटर ब्लॉक (चिपवर बसणाऱ्या, आतून पाणी वाहणाऱ्या प्लेटा), ३६० मिमीचे दोन तांब्याचे रेडिएटर, त्यांवर १२० मिमीचे सहा पंखे, एक डी५ पंप, त्याच्या डोक्यावर उभा रिझर्व्हॉयर (पाण्याची छोटी टाकी) आणि ईपीडीएम या रबराची काळी मऊ ट्यूब आहे.

खरा फायदा ग्राफिक्स कार्डाला झाला, त्यामुळे त्याबद्दल आधी. ३०९० पूर्ण लोडवर ३५० वॅट खातं. त्यात या कार्डाची एक जुनी खोड आहे. त्याच्या चोवीस मेमरी चिपांपैकी बारा पुढच्या बाजूला आणि बारा मागच्या बाजूला आहेत. मूळ कूलर पुढच्या बाजूला बसतो. मागच्या चिपांच्या वाट्याला फक्त धातूची बॅकप्लेट येते. मूळ कूलरने, म्हणजे हवेवर, चालवताना माझ्या कार्डाचा कोअर, म्हणजे मुख्य चिप, ७४-७५ अंशांवर असायचा, तो काही चिंतेचा आकडा नाही. पण मेमरी १०४ अंशांपर्यंत जायची. कार्डावरची ही जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड स्वतःचा वेग कमी करतं, म्हणजे हातात फार थोडी जागा उरायची आणि तेवढी टिकवायला तिन्ही पंखे जोरात फिरत राहायचे. आता खोली २७ अंश असताना लांब रेंडरमध्ये कोअर ५२-५३ वर थांबतो आणि मेमरी ऐंशीच्या आसपास. क्लॉकही (चिपचा वेग) स्थिर राहतो, कारण हे कार्ड तापमान चढेल तसा क्लॉक थोडा थोडा खाली आणत असतं आणि आता तो चढच होत नाही. रेंडर थोडं लवकर संपतं; पण केवळ तेवढ्या फरकासाठी कोणी लूप बांधावा असं मी म्हणणार नाही.

प्रोसेसरची गोष्ट वेगळी. ग्राफिक्स कार्डात ब्लॉकची तांब्याची प्लेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये फक्त थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. प्रोसेसरवर मात्र आधी धातूचं जाड झाकण येतं, आणि त्याखाली इवल्याशा चिपलेटमधून (प्रोसेसरच्या छोट्या चिपांमधून) प्रचंड उष्णता बाहेर पडायचा प्रयत्न करत असते. अडथळा पाण्यापर्यंत पोचण्याआधीच आहे, मग पुढे कितीही मोठे रेडिएटर लावा. शिवाय ७९५०एक्स मुळात ९५ अंशांपर्यंत जाऊन मिळेल तेवढा वेग काढायचा अशाच विचाराने बनवलेला आहे. सगळे कोअर राबवले आणि २३० वॅटची पूर्ण मुभा दिली तर कस्टम लूपवरही तो नव्वदीच्या जवळ जातो. मी त्याला इको मोड या कमी वीज खाण्याच्या सेटिंगमध्ये १४२ वॅटवर बांधून ठेवलं आहे. तिथे तो सत्तरच्या आसपास राहतो आणि कामात जाणवण्याइतका मागे पडत नाही. फक्त प्रोसेसरसाठी कस्टम लूप बांधू नये, हे माझं ठाम मत आहे. त्याला चांगला टॉवर कूलर, म्हणजे पंखा लावलेला हवेवरचा उभा कूलर, पुरतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त दुसरीकडे नेतं. रेंडर चालू असताना कार्ड आणि प्रोसेसर मिळून साधारण ४५० वॅट खातात, आणि तेवढीच उष्णता खोलीत येते, कूलिंग कोणतंही असो. वॉटर कूलिंगने खोली गार राहील या आशेवर कोणी खर्च करत असेल तर त्याने जरूर थांबावं.

मग पाण्याने नेमकं मिळतं काय? मिळतो तो वेळ, आणि मोठा पृष्ठभाग. सिलिकॉनवर भार आला की त्याचं तापमान क्षणात वीस-पंचवीस अंशांनी उडी मारतं. पाणी तसं वागत नाही. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. माझ्या लूपमध्ये साधारण लिटरभर कूलंट आहे. रेडिएटरने काहीच उष्णता बाहेर टाकली नाही असं धरलं तरी ४५० वॅटवर ते अंशभर चढायला नऊ-एक सेकंद घेतं. प्रत्यक्षात पाण्याचं तापमान स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं जातात. त्यामुळे व्ह्यूपोर्टमध्ये (ब्लेंडरच्या काम करायच्या खिडकीत) सीन फिरवताना, एखादी छोटी टेस्ट फ्रेम काढताना, फाइल उघडताना पंख्यांना काही पत्ताच लागत नाही.

पण हे आपोआप होत नाही. पंखे प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेले असतील तर लूप असूनही ते सतत वर-खाली होत राहतात, आणि हा चढउतार सलग आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. म्हणून पाण्याच्या तापमानाचा सेन्सर हवाच. जी १/४ या वॉटर कूलिंगमधल्या नेहमीच्या मापाच्या आट्यांच्या प्लगमध्ये बसवलेला १० किलोओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा भाग, मिळतो, तो लूपमध्ये कुठेही लावता येतो. त्याची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरच्या तापमानाच्या हेडरला जोडायची आणि सगळ्या पंख्यांचा कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग हा हिशोब, त्यावर चालवायचा. मदरबोर्डवर असा हेडर आहे का, हे खरेदीआधीच पाहावं, नाहीतर वेगळा कंट्रोलर घ्यावा लागतो. माझे पंखे पाणी ३४ अंशांच्या खाली असताना मिनिटाला ५०० फेऱ्यांवर फिरतात, आणि लांब रेंडरमध्ये पाणी ३९ वर स्थिरावतं तेव्हा ८५० वर. याहून वर जायची वेळ आलेली नाही. संपूर्ण बांधणीत खर्चाच्या मानाने सर्वाधिक उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे हा छोटासा सेन्सर.

पाणी आधी कार्डात जावं की प्रोसेसरमध्ये, यावर भरपूर वाद होतात. हिशोब सोपा आहे. मिनिटाला ३ लिटर प्रवाह आणि ४५० वॅट उष्णता धरली, तर संपूर्ण लूपमधल्या सर्वात गरम आणि सर्वात थंड पाण्यात फरक पडतो जेमतेम दोन अंशांचा. ट्यूब जिथून सरळ आणि आखूड जाईल तो क्रम योग्य. एकच नियम पाळावा : रिझर्व्हॉयर पंपाच्या लगेच आधी आणि वरच्या पातळीला. डी५ पंपाचं बेअरिंग त्यातून वाहणाऱ्या पाण्यानेच वंगण घेतं, तो कोरडा फिरला तर खराब होतो.

पंपाचा आवाज मात्र कमी लेखू नका, असंच मी सांगेन. पंखे ५०० वर आले की सगळ्यात मोठा आवाज पंपाचा उरतो. पूर्ण वेगाला, म्हणजे ४८०० फेऱ्यांना, डी५ ची बारीक शिट्टी ऐकू येते आणि कॅबिनेटचा पत्रा ती आणखी वाढवतो. साठ टक्क्यांवर आणून खाली रबर आणि फोमची बैठक दिल्यावर तो ऐकू येणं थांबलं. वेग घटवल्याने तापमानात पडलेला फरक एका अंशाच्या आतला होता.

ट्यूब मऊ घ्यावी की कडक? कडक ट्यूबचे नेमके काटकोन फार देखणे दिसतात, यात शंका नाही. पण हे कामाचं मशीन आहे. मध्यंतरी ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या स्लॉटमध्ये दुसरी एम.२ एसएसडी बसवायची होती. ट्यूबला थोडी जादा लांबी ठेवलेली असल्याने कार्ड स्लॉटमधून सोडवून, पाण्यासकट बाजूला टेकवून काम उरकलं. कडक ट्यूब असती तर आधी लूप रिकामा करावा लागला असता. ईपीडीएम निवडण्याचं दुसरं कारण म्हणजे पारदर्शक मऊ पीव्हीसी ट्यूबमध्ये ती लवचिक राहावी म्हणून प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं. ते हळूहळू पाण्यात उतरतं, ट्यूब धुरकट होते आणि ब्लॉकच्या बारीक फटींमध्ये चिकट थर बसतो. ईपीडीएममध्ये ही भानगड नाही. आत पाणी दिसत नाही आणि बुडबुडा कुठे अडकलाय ते कळत नाही, एवढी तिची गैरसोय आहे. ते पाहायला रिझर्व्हॉयर आहेच.

धातूंच्या बाबतीत तडजोड करू नये. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र नांदतात. त्यांच्यात ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला की पाण्यातून विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. कूलंटमधलं गंजरोधक ती क्रिया लांबवतं, पण कायमची थांबवतं असं नाही. स्वस्त रेडिएटर घेताना तो कशाचा बनलाय हे नीट वाचून घ्यावं.

बांधणीला एक पूर्ण शनिवार-रविवार गेला. त्यातला बराच वेळ रेडिएटर धुण्यात गेला. नव्या रेडिएटरमध्ये जोडकामाचा फ्लक्स आणि बारीक कण राहिलेले असतात. गरम डिस्टिल्ड वॉटर भरून, हलवून, ओतून, पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहायचं. कार्डाचा ब्लॉक बसवताना थर्मल पॅडची जाडी निर्मात्याने दिलेल्या तक्त्याप्रमाणेच ठेवायची. अर्ध्या मिलिमीटरचा पॅड जास्त झाला तरी कोअर प्लेटला नीट टेकत नाही.

गळतीची चाचणी मी पाण्याने नव्हे, हवेने केली, आणि माझ्या मते ती अशीच करावी. हातपंप आणि दाबमापक असलेला छोटा टेस्टर मिळतो. पाणी भरण्याआधी लूपमध्ये साधारण अर्धा बार दाब भरायचा आणि काटा अर्धा तास जागचा हलतो का ते पाहायचं. माझ्याकडे तो सावकाश उतरत गेला. एकेक भाग वेगळा करून तपासल्यावर दोष ९० अंशाच्या एका फिरत्या फिटिंगमध्ये सापडला. त्यातली ओ-रिंग कारखान्यातूनच चिरलेली होती. हे कोरड्या मशीनवर कळलं, हाच या पद्धतीचा फायदा. ‘डिस्टिल्ड वॉटर वीज वाहत नाही, सांडलं तरी चालतं’ यावर विसंबू नका. धूळ आणि धातूंना स्पर्श झाला की ते पाणी तेवढं शुद्ध राहत नाही. त्यानंतर एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या) २४ पिनच्या कनेक्टरला जंपर लावून, बाकी सगळं वीजपुरवठ्यापासून तोडून, फक्त पंप चालवत लूप भरला. कॅबिनेट पुढे-मागे कलवून मोठे बुडबुडे निघतात. बारीक हवा बाहेर यायला पुढचे काही दिवस जातात, आणि तोवर पंपातून अधूनमधून खळखळ ऐकू येते.

वापर सुरू झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. टॉवर कूलरचा पंखा आजूबाजूच्या रॅमवर, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवर) आणि वरच्या एसएसडीवर नकळत वारा घालत असतो. कार्डाचे पंखेही तेच करतात. लूपमुळे ते सगळे गेले. प्रोसेसर आणि कार्ड गार, पण एसएसडी सत्तरीच्या पुढे, असं चित्र होतं. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला १४० मिमीचा एक पंखा अगदी हळू फिरवत ठेवल्यावर ती पंचावन्नच्या खाली आली. बांधणीची आखणी करतानाच या पंख्याची जागा राखावी.

दिवे, रंग, काचेचं पॅनेल यांवर मी काही खर्च केला नाही. रंगाच्या बाबतीत एवढंच सांगते की दुधासारखे दिसणारे अपारदर्शक कूलंट घेऊ नयेत. त्यांचा रंग पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा असतो, ते कण काळाने खाली बसतात, आणि ब्लॉकच्या फटी केसाइतक्या बारीक असतात. मी प्रोपिलीन ग्लायकॉलचं रंगहीन कूलंट घेतलं, ज्यात गंजरोधक आणि जैवनाशक आधीच मिसळलेलं आहे.

देखभाल माझ्या अपेक्षेपेक्षा कमी निघाली. रिझर्व्हॉयरची पातळी हळूहळू उतरते, कारण मऊ ट्यूबमधून थोडी वाफ सतत निसटत असते. ती गळती नव्हे. आतापर्यंत दोन बोटं पातळी उतरली आणि मी वरून भर घातली. रेडिएटरच्या पात्यांमध्ये बसणारी धूळ जास्त लक्ष मागते. पाण्याचं तापमान त्याच कामाला नेहमीपेक्षा दोन अंश वर दिसू लागलं की ब्रश घ्यायची वेळ झाली असं समजावं. सेन्सरचा हा दुसरा उपयोग. गेल्या आठवड्यात, बदलायची मुदत व्हायच्या आधीच, कूलंट काढून प्रोसेसरचा ब्लॉक उघडून पाहिला. लूपच्या सर्वात खालच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावलेला होता, त्यामुळे जवळजवळ सगळं कूलंट एका भांड्यात आलं. हा व्हॉल्व्ह कोणीही टाळू नये. ब्लॉकच्या फटी स्वच्छ होत्या, निकेलवर डाग नव्हता, कूलंट जसं भरलं तसंच पारदर्शक होतं.

कार्डाचा ब्लॉक मात्र तेव्हा उघडला नाही. तो वर्षाच्या देखभालीला उघडणार आहे. मागच्या बाजूच्या मेमरी चिपांवर तेवढ्याच जाडीचे, पण उष्णता जास्त वाहणारे पॅड बसवून ते ऐंशी अंश आणखी किती खाली येतात हे पाहायचं आहे.