मिक्स आफ्रिकन सिक्लिडचा लॉट: बरेच महिने पाळल्यावर कोण काय निघालं

सिक्लिड म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिकासारख्या सरोवरांतले रंगीत मासे; "मिक्स आफ्रिकन" म्हणून त्यांची जी इंच-दीड इंचाची पिवळी, निळी, पट्टेवाली पिल्लं विकतात ना, तो लॉट मी मुद्दाम घेतला होता, कारण ती मोठी होताना रंग कसे बदलतात ते मला रोज डोळ्यांनी बघायचं होतं. चार फुटी टँक, २४० लिटरच्या आसपास पाणी, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा), खाली वाळू, भरपूर दगड, पीएच ८ च्या थोडा वर, टेंपरेचर २५-२६. आता सगळे बऱ्यापैकी वाढलेत म्हणून लिहितोय. मासे एक नंबर आहेत, पण असा लॉट मी कोणाला घ्या म्हणून सांगणार नाही.

पहिली गोष्ट रंगाची. लॉटमधली सगळी पिवळी पिल्लं "यलो लॅब" म्हणून दिली होती. त्यातली काही खरंच यलो लॅब म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियस निघाली, पाठीवरच्या फिनला काळी पट्टी, आणि नर मोठा झाला तसे पोटाखालचे फिनही काळे झाले. पण एक पिवळा साधारण दोन इंचांचा झाल्यावर मळकट दिसायला लागला, मग अंगावर उभे पट्टे उमटले आणि काही आठवड्यांत पूर्ण निळा झाला, काळ्या पट्ट्यांसकट. तो सौलोसी नावाच्या जातीचा नर. यांची पिल्लं आणि माद्या पिवळ्याच असतात, फक्त जोरावर आलेला नर निळा होतो. मूळचा मलावी सरोवरातल्या तैवान रीफचा मासा, जुन्या याद्यांमध्ये स्यूडोट्रोफियस सौलोसी म्हणून सापडेल, २०१६ पासून चिंडोंगो सौलोसी म्हणतात. त्याच टँकमध्ये बरोब्बर उलटंही झालं. एक फिकट निळं पट्टेवालं पिल्लू होतं, ते हळूहळू पिवळं पडत गेलं, तो केन्यी या दुसऱ्या जातीचा नर. केन्यीत पिल्लं आणि माद्या निळ्या, नर पिवळा. म्हणजे पिवळ्याचा निळा आणि निळ्याचा पिवळा, दोन्ही एकाच काचेमागे, आणि म्हणूनच पिल्लाच्या रंगावरून नाव सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

फोटोवरून मासा ओळखणारी अ‍ॅप्सही वापरून बघितली. पिवळं दिसलं की यलो लॅब, निळे पट्टे दिसले की डेमासोनी (निळ्या-काळ्या पट्ट्यांची छोटी जात), असंच उत्तर यायचं, आणि त्याच माशाचा घाबरलेल्या अवस्थेतला फोटो टाकला की उत्तर बदलायचं. हे मासे मूडप्रमाणे पट्टे गडद-फिके करतात, त्यामुळे एका फोटोवर काही ठरत नाही.

मग काय बघायचं? माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचं म्हणजे पट्ट्यांची दिशा, तोंडाची ठेवण आणि अंगाचा आकार. उभे पट्टे असले तर झेब्रा गटाकडे वळायचं, डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे पट्टे असले तर ऑरॅटससारखे मेलानोक्रोमिस. नाक तोंडाच्या पुढे आलेलं आणि तोंड खाली वळलेलं असेल तर लॅबिओट्रोफियस, हा तर पिल्लू असतानाही ओळखता येतो. पीकॉक या सिक्लिडच्या गटाची खूण मला फार आवडते. मासा काचेजवळ आला की डोळ्याखाली आणि खालच्या जबड्यावर ओळीने छोटे खड्डे दिसतात, वाळूतल्या किड्यांची हालचाल त्यांनी कळते. पीकॉक वाळूच्या अगदी वर स्तब्ध थांबतो आणि मग एकदम तोंड खुपसतो, हे एकदा बघितलं की विसरत नाही. शेपटीजवळच्या खालच्या फिनवरचे पिवळे ठिपके बघून मात्र लगेच नर म्हणू नका, बऱ्याच जातींत माद्यांनाही ते असतात, फक्त फिके.

आता साइज, कारण खरा त्रास इथेच होतो. लॉटमध्ये एक वाळूच्या रंगाचं, तपकिरी डागांचं पिल्लू होतं, सगळ्यांत शांत. बाकीचे म्बुना (दगडांत राहणारे छोटे सिक्लिड, यलो लॅब, सौलोसी, केन्यी त्यातलेच) तीन इंचांवर असताना हे पाचच्या पुढे गेलं आणि तरी थांबेना. तो निंबोक्रोमिस व्हेनस्टस, जिराफासारखे डाग असणारा हॅप (मलावीतल्या म्बुना नसलेल्या मोठ्या सिक्लिडचा गट), पूर्ण वाढला की १० इंच म्हणजे २५ सेंटिमीटरच्या घरात जातो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. तळ्यात तो अर्धवट वाळूत दडून छोट्या माशांची शिकार करतो. नराचं डोकं नंतर निळं होतं, कपाळावर पिवळा पट्टा येतो, दिसायला राजबिंडा. पण चार फुटीत त्याला वळायलाही नीट जमणार नव्हतं म्हणून सहा फुटी टँकवाल्याकडे दिला.

बाकीच्यांचा अंदाज असा धरा: डेमासोनी, सौलोसी तीन-साडेतीन इंच, यलो लॅब चार-पाच, केन्यी पाच आणि जोडीला प्रचंड भांडखोर, माझा केन्यी अर्धा टँक स्वतःचा समजतो. टांगानिका सरोवरातला फ्रंटोसा अशा लॉटमध्ये आला तर तो फूटभर होणार, फक्त वाढ सावकाश असल्यामुळे सुरुवातीला कळत नाही. त्याच सरोवरातला गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहणारा मल्टीफॅसिएटस मात्र दोन इंचांच्याही आत. "आफ्रिकन सिक्लिड" या एका शब्दाखाली एवढा फरक आहे, म्हणून नाव माहीत नसेल तर टँक किती मोठा लागेल ते कोणीच सांगू शकत नाही.

पुस्तकातल्या साइजबद्दल दोन गोष्टी. कधी माप शेपटीसकट असतं, कधी शेपूट सोडून, ते आधी बघा. आणि म्बुना तळ्यात दिवसभर दगडावरचं शेवाळ खरवडून जगतात, टँकमध्ये त्यांना भरपूर खायला मिळतं, त्यामुळे आपल्याकडे ते तळ्यातल्यापेक्षा मोठेच होतात. टँकच्या मापाने मासा वाढतो असं अजूनही लोक सांगतात, ते ऐकू नका. छोट्या टँकमध्ये साठलेल्या घाणीने वाढ खुंटते आणि तब्येत जाते, त्याला मासा टँकमध्ये मावला असं म्हणत नाहीत. मी काचेला बाहेरून खालच्या बाजूला मापपट्टी चिकटवलीये, खाणं त्याच कोपऱ्यात टाकतो, मासे काचेला लागून येतात तेव्हा बाजूने फोटो काढतो. महिन्याचे फोटो शेजारी ठेवले की कोण थांबलाय आणि कोण सुसाट सुटलाय ते लगेच कळतं.

दोन राखाडी मासे अजून नावाशिवाय आहेत. पीकॉक किंवा हॅपच्या माद्या असणार, पण या गटांच्या माद्या बहुतेक अशाच राखाडी-तपकिरी दिसतात आणि मिक्स लॉटमध्ये दोन जातींचा क्रॉस असण्याची शक्यता मोठी. त्यातली एक हल्ली तोंड मिटून खाणं टाळतेय, म्हणजे उबवायला अंडी तोंडात धरलीयेत. ती पिल्लं जगली तरी मी कोणाला कुठल्याही जातीच्या नावाने देणार नाही, आणि तुमच्याकडे असं झालं तर तुम्हीही देऊ नका, कारण पुढचा माणूस त्या नावावर विसंबून टँक घेतो आणि त्याचीच पुढे पैदास करतो.