तारकर्ली, वेरूळ की येळवशीचे रान? साथीच्या हिवाळ्यात सहल ठरवताना

डिसेंबर २०२० चा शेवटचा आठवडा सुरू झाला आहे आणि लातुरातल्या आमच्यासारख्या अनेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय निघतो आहे : आता कुठे बाहेर जायचे की नाही. मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी लागल्यापासून मुले घरात कोंडली गेली आहेत. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठीची ई-पासची अट २ सप्टेंबरला उठली, एसटी पूर्ण आसनांनी धावू लागली, दिवाळीच्या पाडव्याला मंदिरे उघडली आणि १० डिसेंबरला अजिंठा-वेरूळची लेणीही पर्यटकांसाठी खुली झाली. सप्टेंबरमध्ये राज्यात रोज वीस हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते, तो आकडा आता तीन-चार हजारांपर्यंत उतरला आहे. असे सगळे असताना 'मग आता काय हरकत आहे?' हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर सरसकट 'नाही' असे देणे मला योग्य वाटत नाही. मात्र कोणत्या सहलीला हरकत नाही आणि कोणत्या सहलीला आहे, हे नीट पाहिल्याशिवाय 'हो' म्हणणेही बरे नव्हे.

आमच्यापुढे तीन बेत आहेत. पहिला, नाताळच्या सुट्टीत चार दिवस तारकर्ली. दुसरा, औरंगाबादला एक किंवा दोन मुक्काम करून वेरूळ, आणि जमल्यास अजिंठा. तिसरा, मुक्काम कुठेच न करता सकाळी निघून संध्याकाळी घरी परतणे, म्हणजे एखाद्या दिवशी नळदुर्गचा किल्ला किंवा खरोशाची लेणी, आणि जानेवारीत येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाला, गावाकडच्या रानात. घरात आम्ही पाच जण आहोत. आई बहात्तर वर्षांची असून तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. मुलगी दहावीत आहे आणि नववीपासून पुढचे वर्ग सुरू करण्यास २३ नोव्हेंबरपासून परवानगी मिळाल्याने ती शाळेत जाऊ लागली आहे. ज्यांच्या घरी फक्त तिशीतले नवरा-बायको आहेत, त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा वेगळा निघेल, हे आधीच सांगितलेले बरे.

किलोमीटर मोजून उपयोग नाही

दूर म्हणजे धोक्याचे आणि जवळ म्हणजे सुरक्षित, असे बहुतेक जण धरून चालतात. या साथीत हे माप चुकीचे आहे असे मला वाटते. स्वतःच्या गाडीत घरच्याच माणसांबरोबर दहा तास बसण्यात नवा धोका फारसा येत नाही, कारण ती माणसे एरवीही एकाच छपराखाली असतात. उलट घरापासून दोन किलोमीटरवरच्या मंगल कार्यालयात, दारे-खिडक्या लावून, मास्क हनुवटीवर उतरवून तासभर पंगतीत बसणे अधिक धोक्याचे आहे. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आहे ती याच कारणासाठी. सहलीला जावे की नाही यावर आठवडाभर खल करणारी घरे लग्नाचे आमंत्रण मात्र विचार न करता स्वीकारतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

म्हणून मी तिन्ही बेत तीन प्रश्नांवर तपासले : परक्या माणसांबरोबर बंद जागेत किती वेळ जाणार आहे, तिसऱ्या दिवशी कोणाला ताप भरला तर आपण कुठे असू, आणि परतल्यावर पुढचे दोन आठवडे कोणाच्या जवळ बसणार आहोत. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात आणि कधी कधी चौदा दिवसही जातात. त्यामुळे सहलीचा खरा निकाल सहलीत कळत नाही, तो घरी आल्यावर कळतो.

तारकर्ली

समुद्राचे आकर्षण मराठवाड्याच्या माणसाला का असते, हे वेगळे सांगायला नको. मुलांनी समुद्र एकदाच पाहिला आहे, तोही धाकट्याला आठवत नाही. शिवाय किनाऱ्यावरची हवा मोकळी असते, वाहती असते, आणि या बाबतीत तारकर्लीसारखी जागा सापडणे कठीण. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत माणसे जवळजवळ बसतात, पण ती उघडी असते आणि वेळ थोडा लागतो. मास्क लावून तेवढे जमण्यासारखे आहे. पाण्याखाली जाण्याच्या खेळात मात्र श्वासाची नळी तोंडात धरावी लागते आणि तीच नळी दिवसभरात अनेकांच्या तोंडी जाते. ती प्रत्येक वेळी कशी धुतात हे स्वतः पाहिल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नये, आणि खात्री पटली नाही तर यंदा तो खेळ सोडूनच द्यावा.

खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाशी येते. लातूरहून तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि मग घाट उतरून मालवण, असा हा स्वतःच्या गाडीनेही दहा-अकरा तासांचा प्रवास आहे. तिथे गेल्यावर आईला ताप आला आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली उतरला, तर मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, आणि त्यापुढे उपचार लागले तर सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्याच्या बांबोळीच्या रुग्णालयात जातात. म्हणजे स्थानिक लोकांनाच जी सोय दुसऱ्या राज्यात शोधावी लागते, तिच्यावर आपणही जाऊन भार टाकणार. हा विचार मला आमच्या स्वतःच्या अडचणीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. आजारी माणसाला घेऊन, काचा बंद केलेल्या गाडीत, पाचही जणांनी अकरा तास परत येणे शक्य नाही. तिथेच थांबायचे म्हटले, तर बाधित कुटुंबाला खोली द्यायला कोणी धजावेल असे वाटत नाही.

बरेच जण तारकर्लीला जोडून गोव्यालाही जाऊन येतात. तसे करायचे असेल तर २५ नोव्हेंबरपासूनचा नियम लक्षात ठेवावा. गोवा, दिल्ली, राजस्थान आणि गुजरात येथून महाराष्ट्रात येणाऱ्यांना विमानासाठी प्रवासाआधीच्या ७२ तासांतला आणि रेल्वेसाठी ९६ तासांतला आरटी-पीसीआर अहवाल लागतो. रस्त्याने येणाऱ्यांची लक्षणे तपासली जातात. केंद्रावर जाऊन स्वॅब देण्याचा दर शासनाने याच महिन्यात ९८० रुपयांवरून ७०० वर आणला आहे, तरी पाच माणसांचे साडेतीन हजार होतातच. निघण्यापूर्वी सगळ्यांची तपासणी करून घेतली की काळजी मिटली, असे समजणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की संसर्गानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो. तो अहवाल त्या दिवसापुरताच असतो.

पैशांचा मुद्दा थोडक्यात. ऑक्टोबरच्या अतिवृष्टीत ज्यांचे सोयाबीन गेले, त्यांच्या घरी हा बेत मुळातच निघणार नाही. ज्यांना परवडतो त्यांनी आगाऊ रक्कम भरताना ती परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. आम्ही गेल्या फेब्रुवारीत उन्हाळ्यासाठी थंड हवेच्या एका ठिकाणी लॉजवर आठ हजार रुपये भरले होते. टाळेबंदी लागल्यावर 'पुढे कधीही या' असे सांगण्यात आले आणि पावसाळ्यानंतर फोन उचलणेच बंद झाले. आमच्याकडे कागदावर काहीच नव्हते.

वेरूळ आणि अजिंठा

औरंगाबाद लातूरहून पाच-सहा तासांवर आहे. तिथे घाटीसारखे मोठे शासकीय रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही बरीच आहेत, आणि गरज पडलीच तर त्याच दिवशी घर गाठता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे निःसंशय बरे आहे. पहिल्या प्रश्नासाठी मात्र वेरूळ आणि अजिंठा यांना वेगळे करावे लागेल, कारण 'लेणी' या एका शब्दाखाली दोन्ही आली तरी तिथली हवा सारखी नाही.

वेरूळचे कैलास लेणे, म्हणजे सोळावे, डोंगर वरून खाली कोरत आणून काढलेले आहे, त्यामुळे त्याचे सगळे अंगण आभाळाखाली आहे. तिथे उभे राहिले की चारही बाजूंना कडा दिसतो आणि डोक्यावर ऊन येते. साथीच्या दिवसांत पाहावी अशी यापेक्षा मोठी वास्तू मला सुचत नाही. एकोणतिसावे लेणेही बाजूंनी मोकळे आहे. दहावे लेणे मात्र बंद चैत्यगृह आहे. त्याच्या कमानदार छतात आवाज घुमतो, आणि तो घुमणारा आवाज ऐकवण्यासाठी तिथे कोणी ना कोणी मोठ्याने मंत्र किंवा हाक म्हणतोच. बंद जागेत मोठ्याने उच्चार केला की तोंडातून अधिक कण हवेत जातात. तेव्हा आत गर्दी असेल तर दारातूनच दर्शन घेऊन पुढे जावे. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी म्हणजेही अरुंद, अंधारी वाट आहे. आईला तिथे नेण्याचा प्रश्नच नाही, पण मुलांनाही यंदा नको.

अजिंठ्याला गाडी स्वतःची असली तरी फर्दापूरच्या फाट्यावर ती सोडून पुढचे सुमारे चार किलोमीटर सर्वांसाठीच्या बसने जावे लागते. त्यानंतर ज्या चित्रांसाठी जायचे, ती पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांत आहेत. तिथे चित्रे जपण्यासाठी उजेड मंद ठेवलेला असतो, हवा कोंडलेली असते, आणि चित्र नीट दिसावे म्हणून माणूस आपोआप जिथे इतर उभे आहेत तिथेच जाऊन उभा राहतो. पद्मपाणीसमोर घाई करणे हा त्या चित्राचा अपमान आहे असे मी मानतो. म्हणून घाईने पाहण्यापेक्षा अजिंठा पुढच्या वर्षावर टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या सकाळी एक हजार आणि दुपारनंतर एक हजार एवढ्याच पर्यटकांना प्रवेश आहे आणि तिकीट ऑनलाइन काढावे लागते. ही मर्यादा आपल्या फायद्याची आहे, फक्त शनिवार-रविवार टाळावेत. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी, हे विसरून गेलेली कुटुंबे दारातून परतताना मी पूर्वी पाहिली आहेत. महापालिका हद्दीत २२ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत रात्री ११ ते सकाळी ६ अशी संचारबंदी आहे, म्हणजे औरंगाबादेत उशिरा पोहोचण्याचा बेत ठेवू नये. ब्रिटनमध्ये सापडलेल्या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या बातमीनंतर हा निर्णय २१ तारखेला जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी लागू झाला. नियम किती लवकर बदलू शकतात, हे यावरून ध्यानात येईल.

मुक्कामाच्या खोलीबाबत माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : खिडकी उघडली पाहिजे. फोनवर 'खोली सॅनिटाइझ केली आहे का?' असे सगळेच विचारतात. 'खिडकी उघडते का आणि ती कुठे उघडते?' हे कोणी विचारत नाही. कामानिमित्त ऑक्टोबरमध्ये मी ज्या हॉटेलात राहिलो, तिथे खोलीच्या दारावर निर्जंतुकीकरणाची चिठ्ठी डकवलेली होती आणि खिडकीची काच स्क्रूने कायमची बंद केलेली होती. मी रात्रभर दार किलकिले ठेवून झोपलो.

संध्याकाळी घरी परत, आणि येळवस

नळदुर्गला आम्ही दिवाळीनंतर जाऊन आलो. भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचे दोन कॅन गाडीत घेतले होते, म्हणून हॉटेलात शिरावे लागले नाही. तटावरचा वारा, बोरी नदीवरचा पाणीमहाल, आणि अठरा वर्षांनी तिथे आलेली आई एका बुरुजाच्या सावलीत काठी टेकून तासभर बसलेली, एवढेच त्या दिवसाचे भांडवल. खर्च डिझेलचा आणि तिकिटांचा झाला. ज्यांना चार दिवसांचा मोकळेपणा हवा आहे, त्यांना हे अपुरे वाटेल, आणि तसे वाटणे गैर नाही. दिवसाच्या सहलीत मन घरापासून पुरते सुटत नाही.

येळवस मात्र वेगळी. १२-१३ जानेवारीला मार्गशीर्ष अमावास्या येते आहे, आणि त्या दिवशी लातूर-उस्मानाबादकडची शहरे ओस पडून सगळे रानात असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. हवा मोकळी, ऊन भरपूर. धोका आहे तो आग्रहाचा. एका रानातून दुसऱ्या रानात जेवायला बोलावणे येते, पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, आंबिलीचा तांब्या हातोहात फिरतो आणि कोपीच्या आत दाटीने बसले जाते. आम्ही भावंडांनी ठरवले आहे की कोपीत फक्त पूजा करायची, पंगत बांधावर आंब्याखाली अंतर ठेवून मांडायची, प्रत्येकाने आपला पेला घरून आणायचा, आणि आईला एकाच रानात बसवायचे.

येथेच तिसरा प्रश्न निर्णायक ठरतो. तारकर्लीहून ३० डिसेंबरला परतलो, तर चौदावा दिवस १३ जानेवारीला पडतो. म्हणजे समुद्रावरून काही घेऊन आलो असलो, तर लक्षणे दिसण्याची मुदत संपण्याआधीच आम्ही आई, दोन काका आणि ऐंशी ओलांडलेली आत्या यांच्या शेजारी पानावर बसलेलो असू. आमच्या घरापुरते तारकर्ली आणि येळवस हे दोन बेत नाहीत, दोहोंपैकी एक निवडायचे आहे. ज्यांच्या घरी वडीलधारे नाहीत आणि ज्यांना येळवशीला गावाकडे जायचे नाही, त्यांनी स्वतःच्या गाडीने तारकर्लीला जावे, परतल्यावर आठवडाभर तरी गाठीभेटी टाळाव्यात. त्यात मला गैर काही दिसत नाही. ब्रिटनमध्ये ८ डिसेंबरपासून लस देणे सुरू झाले आहे. आपल्याकडे ती आली आणि आईपर्यंत पोहोचली की समुद्राचा विचार तिला बरोबर घेऊनच करता येईल.

आम्ही येळवस धरली आहे, आणि तिच्यानंतर दोन आठवडे सोडून, जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी वेरूळला एका मुक्कामाने जायचे ठरवले आहे. सकाळच्या सत्राची पाच तिकिटे काढायची आहेत. खुलताबाद रस्त्यावरच्या एका साध्या लॉजवाल्याने खिडकी उघडून, फोनवर तिचा फोटो पाठवला आहे. खिडकीत चिंचेचे झाड दिसते.