अलिबाग बघायचं तर एसटीने, होडीने की पायी?

अलिबागला दोन दिवस येतोय, कसं फिरू, असं कोणी विचारलं की पूर्वी मी डोळे झाकून "होडी घ्या" म्हणायचो. आता थोडा थांबतो आणि आधी तिथी विचारतो. समोरच्याला वाटतं, याच्याकडे काही पूजा-बिजा आहे की काय. तिथीचं कारण पुढे येईलच.

माझी सासुरवाडी चौलची आणि आत्या अलिबागात राहते. त्यामुळे गेली वीसेक वर्षं वर्षातून दोन-तीनदा इकडे येणं होतं, आणि बहुतेक वेळा कोणीतरी पाहुणे गळ्यात असतात. तिन्ही प्रकारे फिरून झालंय. अलिबाग म्हणजे इथे मी कुलाबा किल्ला, आंग्र्यांचं जुनं गाव, चौल-रेवदंडा आणि ताणलंच तर मुरुडचा जंजिरा एवढं धरतोय. ज्यांना किनाऱ्यावर पॅरासेलिंग करून संध्याकाळी मासे खायचेत त्यांनी कसंही यावं, काही फरक पडत नाही.

एसटीपासून सुरुवात करू. पनवेलहून येताना वडखळ नाक्यावर काय होतं ते मी सांगायला नको. शनिवारी सकाळी तिथे अडकलात तर पेणचे गणपती आठवून झाले, मिठागरं बघून झाली, तरी गाडी तिथेच असते. ज्यांना ते सोसत नाही ते गेटवेहून मांडव्याला बोटीने येतात. त्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, म्हणजे तासाभराच्या समुद्रानंतर पुन्हा चाकांवरच. स्वतःची गाडी सोडवत नसेल त्यांच्यासाठी २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे. पण हे झालं पोचणं. फिरण्यासाठी एसटी घ्यायची ती अलिबागहून पुढे, रेवदंडा-मुरुडच्या बाजूला.

आणि त्या रस्त्यावर एसटीला तोड नाही, हे मी पायी चालणाऱ्यांच्या बाजूचा असूनही सांगतो. कारमधून नागाव-चौलला फक्त कुंपणं दिसतात. एसटीच्या खिडकीतून कुंपणापलीकडची वाडी दिसते. पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल दिसतात, पाटाचं पाणी दिसतं, पडवीत सुपारी सोलत बसलेल्या बायका दिसतात. समोरून दुसरी एसटी आली की दोन्ही ड्रायव्हर आरसे मिटून इंचाइंचाने गाड्या काढतात, तेवढ्यात एखाद्याच्या अंगणातली सगळी बातमी कळते. रेवदंड्याला तर गाडी थेट किल्ल्याच्या तटातूनच आत शिरते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेला हा कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला आणि आज अख्खं गाव त्याच्या पोटात आहे. तिकीट काढून किल्ल्यात शिरणारे पुष्कळ, पण तिकीट कंडक्टरकडून घेऊन शिरणारे आपणच. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट. आमच्या सासऱ्यांनी तेवढ्यासाठी रेवदंड्याच्या तीन फेऱ्या जास्त मारल्या.

एसटीची खोट अशी की ती थांब्यांपुरतीच तुमची. चौलला रामेश्वरापाशी उतरलात, पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलात, दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढून आलात, की पुढची गाडी कधी हा प्रश्न उरतोच. उत्तर मिळतं, "येईल." येतेही. नाही आली तर मिनीडोर रिक्षा आहे. सहा माणसांच्या जागेत नऊ बसतात आणि शेवटच्याचा एक पाय बाहेर वारा खातो. शेवटच्या एसटीची वेळ मात्र सकाळीच स्टँडवर विचारून ठेवावी, मी एकदा ठेवली नव्हती.

आता होडी. ज्या गोष्टीवरून माझं मन उठलं ती इथेच घडली, म्हणून आधी होडीच्या बाजूने बोलतो, नाहीतर पक्षपात वाटेल.

काही जागी होडीला पर्याय नाही. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीतूनच जावं लागतं आणि तसंच जावं. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. हा किल्ला कोणाला का घेता आला नाही, ते होडीत बसून पाच मिनिटांत उमगतं, पुस्तकात पाच पानं वाचून उमगत नाही. खांदेरीचंही तसंच. थळहून होडी करावी लागते, पण १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने इंग्रजांच्या नाकासमोर त्या बेटावर तट उभा केला म्हणजे काय केलं, हे पाण्यातून मुंबईची दिशा बघितल्याशिवाय ध्यानात येत नाही. खांदेरी आता युनेस्कोच्या यादीतल्या बारा किल्ल्यांत गेला. कुलाबा त्या बारा किल्ल्यांत नाही, आणि अलिबागकर चहा पिताना हे हमखास ऐकवतात.

तर ती गोष्ट. तीन वर्षांपूर्वी पुण्याचे मेहुणे, त्यांची मुलं आणि माझी आई असे आम्ही जंजिऱ्याला गेलो. होडी भरेपर्यंत पाऊण तास धक्क्यावर उन्हात. होडीतच एकाने इतिहास सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबवून माणशी पैसे गोळा केले. उतरताना सांगितलं, पाऊण तासात दरवाज्यात या, जी होडी आणते तीच नेते. कलालबांगडी तोफेपाशी मुलांचे फोटो होईपर्यंत वीस मिनिटं गेली. गोड्या पाण्याच्या तलावाच्या काठावर आई नुसती टेकली तोच खालून हाका सुरू झाल्या. सिद्दीचा वाडा आम्ही मान वळवून, चालता चालता बघितला. परत आलो तर होडीत आमच्याआधी आलेले लोक आमच्याकडे असे बघत होते, जणू आम्हीच किल्ला अडवून ठेवला होता.

तेवढ्यावर मी काही म्हणालो नसतो. होडीवाल्याचंही पोट फेऱ्यांवर, आणि सीझन आठ महिन्यांचा. पण दुसऱ्या दिवशी कुलाब्याला पाणी अर्धवट होतं. चालत जाण्याइतकं उतरलेलं नाही, म्हणून पुन्हा होडी केली. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. आत गणेशपंचायतन, समोर पुष्करणी, आणि दुपारीही गार. आईने हातपाय धुतले, बसली, अथर्वशीर्ष म्हणायला लागली. निम्म्यावर आली असेल, तर दारात एक पोरगा उभा. "चला, होडी सुटतेय." आई उठली. उरलेलं अथर्वशीर्ष तिने होडीत, इंजिनच्या धडधडीत पुरं केलं, आणि अलिबागच्या वाळूवर उतरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

होडी चांगली की वाईट, सुरक्षित की नाही, स्वस्त की महाग, या सगळ्या गोष्टी माझ्यासाठी त्या दिवशी संपल्या. तुम्हाला कदाचित याचं काही वाटणार नाही. पाऊण तासात किल्ला बघून तृप्त होणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचा हेवाही वाटतो.

पायी जायचं म्हणजे ओहोटीत जायचं. कुलाबा हा मिश्रदुर्ग. भरतीला बेट, सुकतीला किनाऱ्याचाच तुकडा. लोक मोबाइलवर भरतीची वेळ बघतात, बघावी. पण आत्याच्या शेजारचे कोळी बुवा भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, आणि सहा तास मागे सरकलं की सकाळी नऊला ओहोटीचा तळ. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. थोडंफार इकडेतिकडे.

यातली मेख बाहेरच्यांना माहीत नसते. अष्टमी-नवमीला हिशेबाने ओहोटी भर दुपारी बाराच्या सुमारास येते. पर्यटकाला ती सोयीची वाटते आणि तो तीच निवडतो. पण ते दिवस भांगाचे. भरती लहान, तशी ओहोटीही लहान, पाणी पुरतं हटतच नाही. मग माणूस गुडघाभर पाण्यात मध्येच उभा राहतो आणि होडीवाल्याला हात करतो. आम्ही त्या दिवशी हेच केलं होतं. पाणी खरं उतरतं ते उधाणाला, पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत. द्वितीया, तृतीया, चतुर्थी, सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान तळ. ऊन नाही, गर्दी नाही, खडक कोरडे. तळाच्या तास-दीड तास आधी निघायचं आणि तळानंतर तासाभरात परतीला लागायचं. निघण्याआधी किनाऱ्यावर कोणालातरी विचारायचंच. कॅलेंडर बघितलेला माणूस बुडत नाही असं काही नाही.

पायात पट्ट्याचे सँडल हवेत. अनवाणी चालण्याची हौस नको, खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार पात्यासारखी. शेवाळावर पाय जपून. सकाळच्या सुकतीला बायका छोट्या हत्याराने कालवं फोडत बसलेल्या असतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलत गेलं तर वाट कुठून सोपी तेही कळतं. किल्ला हळूहळू उंच होत जातो, आणि एका क्षणी आपण महादरवाज्यासमोर असतो, कपडे कोरडे, पाय ओले.

चालत गेल्यावर वेळ असतो म्हणून काही गोष्टी दिसतात, एरवी त्या डोळ्यांखालून निसटतात. तटाच्या मोठमोठ्या दगडांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. त्या फटीत हात घालून बघता येतो. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल कोरलेलं वाचता येतं. म्हणजे आंग्र्यांच्या नव्हेत, पण फोटो सगळे त्यांच्याबरोबरच काढतात. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम काढलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि हात हलवत गेले, तेव्हा इथे कान्होजी आंग्रे होते. तटावर बसून हे सगळं आठवायला कोणी हाका मारत नाही.

समुद्रही वेळ घालून देतोच की, असं मेहुणे म्हणाले. बरोबर आहे. पण ती वेळ मला आदल्या रात्रीच ठाऊक असते, आणि साधारण अडीच तासांची असते.

गुडघ्यांचा त्रास असेल तर सुकतीला किनाऱ्यावरून घोडागाड्या जातात. खडकावरून हाडं खिळखिळी होतात, घोड्याकडे बघून जीवही थोडा कळवळतो, पण आईला मी तसंच नेलं. तिने अथर्वशीर्षाचं आवर्तन दोनदा केलं.

गावही पायीच बघावं, ते आहेच तेवढं. कान्होजींची समाधी, आता तुरुंग असलेला हिराकोट आणि त्याच्या शेजारचा तलाव, इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग. चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच बघायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याहून ती १९०४ मध्ये इकडे हलवली. म्हणजे मुंबईच्या कुलाब्याहून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. सगळं मिळून एक सकाळ, वाटेत मिसळ धरून. उन्हाळ्यात आलात तर पांढऱ्या कांद्याची माळ इथेच घ्या, हायवेवर थांबून नको.

तेव्हा दोन दिवस असतील तर मी तरी असं करीन. उधाणाची तिथी धरून पहिल्या सकाळी पायी किल्ला, मग गाव. दुसऱ्या दिवशी एसटीने चौल-रेवदंडा. होडी जंजिऱ्यासाठी राखून ठेवायची, आणि तीही तिसरा दिवस निघाला तर. पावसाळ्यात होड्या बंद, समुद्र खवळलेला, तेव्हा फक्त एसटी आणि वाड्या. तेही काही वाईट नाही. लहान मुलं, घाई, किंवा सुट्टीच्या तारखा ठरलेल्या असून तिथी जुळत नसेल तर होडी घ्या, मी नावं ठेवणार नाही.

परवा मेहुण्यांचाच फोन आला, ऑफिसातल्या चौघांना घेऊन येतोय, शनिवारी. मी कॅलेंडर काढलं. शनिवारी दशमी. म्हटलं, पुढच्या शनिवारी या, द्वितीया आहे, साडेसातला पाणी तळाला असेल. ते वैतागले. "पहाटे सहाला उठवणार तू आम्हाला? त्यापेक्षा होडी नाही का?"

"आहे की," म्हटलं. "पाऊण तासाची."

द्वितीयेला येतायत.