चालकाची नजर टिपणारा चष्मा: उपयुक्त, पण मर्यादा ओळखून घ्यावा असा

वाहनचालकाची नजर कुठे, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने जाते हे तपासण्यासाठी आमच्या अभ्यासगटाने सेकंदाला 50 नोंदी घेणारा आय ट्रॅकिंग चष्मा वापरला. त्याच्या चौकटीतले इन्फ्रारेड दिवे डोळ्यावर प्रकाश टाकतात, आतले कॅमेरे बाहुली आणि कॉर्नियावरची (डोळ्याच्या पारदर्शक पुढच्या पडद्यावरची) चमक टिपतात, आणि या दोहोंच्या परस्पर स्थानावरून काढलेली नजरेची दिशा समोरच्या दृश्याच्या चित्रणावर वर्तुळाच्या रूपाने दिसते. चष्मा हलका आहे आणि कॅलिब्रेशनही (वापरणाऱ्याच्या डोळ्यांनुसार चष्मा जुळवून घेणे) झटपट होते.

नजर एका जागी साधारण 200 ते 300 मिलिसेकंद स्थिरावते, त्यामुळे दर 20 मिलिसेकंदांनी मिळणारी नोंद आरशाकडे किंवा फलकाकडे टाकलेला कटाक्ष मोजायला पुरेशी आहे. मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणाऱ्या नजरेच्या उडीचा वेग अभ्यासायचा असेल तर हे उपकरण तोकडे पडते.

खरी अडचण वेगळीच आहे. चालक स्पीडोमीटरकडे पाहू लागला की चित्रणातले वर्तुळ रस्त्यावरून खाली सरकते, स्टिअरिंगच्या कडेपर्यंत येते आणि नाहीसे होते, कारण खाली झुकलेली पापणी बाहुली झाकून टाकते. भर उन्हातही सूर्यप्रकाशातल्या इन्फ्रारेड किरणांमुळे नोंदी गळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाची 2013 ची मार्गदर्शक तत्त्वे गाडीतले उपकरण हाताळताना रस्त्यावरून हटणाऱ्या नजरेचा सरासरी अवधी 2 सेकंदांच्या आत ठेवायला सांगतात; ताशी 60 किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी सुमारे 33 मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जे कटाक्ष मोजणे सर्वांत निकडीचे, नेमके तेच निसटतात, आणि सॉफ्टवेअर त्यांना बिनदिक्कत पापण्यांची उघडझाप समजते. ते भाग आम्हाला चित्रणावरून हाताने तपासावे लागले.

माहितीपत्रकातला ‘चालकाने काय पाहिले ते कळते’ हा दावा तर सरळ अतिशयोक्तीचा आहे. लक्ष दुसरीकडे असल्यास दुचाकीवर नजर टेकूनही ती ध्यानात येत नाही, आणि उलट डोळ्याच्या कडेने जाणवलेल्या हालचालीवर नजर न वळवताही ब्रेक दाबला जातो. नजर कुठे जास्त टेकली ते रंगांनी दाखवणारे लाल-पिवळे उष्णता-नकाशे अहवालात शोभून दिसतात, पण हा फरक ते दाखवत नाहीत. सिम्युलेटरचा पडदा मध्येच बंद करून ‘आता समोर काय होते?’ असे विचारण्याची जोड दिली, तेव्हाच आमच्या नोंदींना अर्थ आला.

सिम्युलेटरवरील किंवा संध्याकाळच्या चाचण्यांसाठी हा चष्मा जरूर घ्यावा. मात्र कच्च्या नोंदी विनाअट बाहेर काढता येतात ना, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावे.