तुटली ती माझी गाठ नव्हती

वद्य दशमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे साडेसात. आमच्या आतल्या खाडीत त्याहून थोडी उशिरा. ओहोटी लागली, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खाजणातलं पाणी खाली ओढायला लागलं, आणि मी बांधाच्या टोकाला उभा राहून पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं नकली आमिष, टाकत होतो. या पाण्याबरोबर बोयटं आणि कोलंबी खाली येते आणि जिताडा उघाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या सावलीत तिची वाट बघत असतो, हे अलिबाग-पेणकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पाचव्या-सहाव्या फेकीला पाण्यावर दणका बसला आणि पॉपर दिसेनासा झाला. रॉड वाकला, ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, वाजायला लागला. मग मासा पूर्ण पाण्याबाहेर आला. सात-आठ किलोचा तरी असेल. हवेत त्याने डोकं झटकलं, पाण्यात पडला, तिवरांच्या दिशेने एक ओढ घेतली आणि माझ्या हातात नुसता हलका रॉड राहिला.

दोरी गुंडाळून घेतली. लीडरची, म्हणजे दोरीच्या टोकाला जोडतात त्या जाड तुकड्याची, गाठ जिथे होती त्याच्या जरा मागेच ती तुटली होती. पॉपर आणि हातभर लीडर मासा घेऊन गेला होता.

मला वाटलं, गाठ चुकली. जिताडा ज्यांनी लावलाय त्यांना ही हळहळ माहीत आहे. तुटलं की माणूस आधी आपल्या हाताकडेच बघतो. पुढचे पंधरा दिवस मी रोज रात्री जेवणानंतर एफजी, म्हणजे दोरीला लीडर जोडायची गाठ, मारायचा सराव केला. त्या पंधरा दिवसांचा मला आज जास्त राग येतो, कारण गाठीत काहीच खोट नव्हती. खोट दोरीत होती, आणि ती मला विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

झालं होतं असं. पावसाळा संपत आला की आमच्याकडे जिताड्याची तयारी सुरू होते. माझं जुनं ब्रेड, म्हणजे बारीक पेड विणून केलेली दोरी, तीन वर्षं वापरून विसविशीत झालं होतं. मोबाईलवर एक जाहिरात आली: नामांकित जपानी कंपनीचं आठ पेडी ब्रेड, पीई २, चाळीस पौंड, १५० मीटर, दोन स्पूल, सोबत सहा ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, आणि फ्लोरोकार्बन या धाग्याच्या लीडरचं एक बंडल. पीई हा दोरीच्या जाडीचा आकडा, पौंड हा ताकदीचा. सगळं मिळून ४,६५० रुपये. तशा एका स्पूलला एरवी तीन हजारांच्या आसपास मोजावे लागतात. मी मेसेज केला. समोरचा माणूस अत्यंत गोड बोलणारा. "दादा, कस्टममधून सुटलेला लॉट आहे. बिल नाही मिळणार, म्हणून तर या भावात देतोय." गोदामाचा व्हिडिओ पाठवला, लोकांनी पकडलेल्या माशांचे फोटो पाठवले. रिळांबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले त्यांची उत्तरंही बरोबर दिली, म्हणजे त्याला या छंदातलं कळत होतं. मी यूपीआयने पूर्ण पैसे आगाऊ भरले. बिल नाही म्हटल्यावरच थांबायला हवं होतं.

चौथ्या दिवशी पार्सल आलं. खोकं सुंदर. स्पूलवर जपानी अक्षरं, चकचकीत स्टिकर. मी एक स्पूल लगेच रिळावर भरलं, दुसरं कपाटात ठेवलं.

पहिला मासा गेल्यावर मी त्यालाच मेसेज केला, तक्रार म्हणून नाही, सल्ला म्हणून. त्याने लगेच उत्तर दिलं: "दादा, शंभर टक्के गाठ चुकली असणार, सगळ्यांचं सुरुवातीला होतं." वर गाठ कशी मारायची त्याचा व्हिडिओ पाठवला. मी त्याचे आभार मानले! खोटी दोरी विकणाऱ्यांचा सगळा धंदा यावरच चालतो. मोबाईल बंद पडला तर आपण दुकानात जातो, चप्पल तुटली तर चांभाराकडे जातो. पण दोरी तुटली की गाठ, खडक, कालवं, माशाचं वजन, आपली घाई, या सगळ्यांना दोष देऊन होतो आणि दोरीवर संशय येतच नाही. ती पाण्यात, नजरेआड तुटते आणि पुरावा मासा घेऊन जातो.

दुसऱ्या खेपेला दीड किलोची तांब लागली. ती हाताला आली, पण ल्यूरच्या मागच्या गळाचे तीनपैकी दोन काटे सरळ झालेले होते. दीड किलोच्या माशाने! त्याच दिवशी पुढे एका फेकीला, काहीही लागलेलं नसताना, ल्यूर हवेतच सुटून खाडीत जाऊन पडलं. या वेळी दोरी गाठीपासून सात-आठ मीटर मागे तुटली होती.

घरी बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी सारी हयात तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या दोरीने, हातावर मासे गरवले. रॉड-रीळ त्यांनी कधी धरलं नाही. मी तुटलेलं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन बोटांत मळलं, दोन्ही मुठींना चार-चार वेढे घेतले आणि एक झटका दिला. दोरी तुटली. "अरे, ही दोरीच कुजकी आहे. तू गाठीला काय लागलायस?" त्यांचे हात आता पंचाहत्तरीचे आहेत. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. अठरा किलोची दोरी त्या हातांनी अशी तुटायला नको होती.

मग मी अंगणात बसून नीट तपासणी केली. ती सविस्तर सांगतो, कारण ती घरच्याच सामानात करता येते आणि रिळावर दोरी भरण्याआधी केली असती तर तो जिताडा तोंडात गळ घेऊन गेला नसता.

पडवीच्या वाशाला कुदळीचा गुळगुळीत दांडा आडवा बांधला. दोरीचं वरचं टोक त्यावर आठ-दहा वेढे घेऊन अडकवलं, खालचं टोक तसंच लाटण्यावर गुंडाळलं. वेढे यासाठी की गाठ मारली तर दोरी गाठीशी तुटते आणि पुन्हा तोच वाद उभा राहतो. लाटण्याला सुंभाने बादली टांगली आणि मापाच्या भांड्याने एकेक लिटर पाणी ओतत गेलो. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. बादलीचं वजन किलोभर धरलं. सात लिटरला दोरी तुटली. पुन्हा केलं, सहाला तुटली. तिसऱ्यांदा आठला. मग तीन वर्षं वापरलेलं माझं जुनं, खरं पीई २ ब्रेड लावलं. बादली पंधरा लिटरने काठोकाठ भरली तरी ते तुटलं नाही.

तेव्हा दशमीच्या सकाळचाही उलगडा झाला. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत ठेवावा असा ठोकताळा आहे. लेबलवर अठरा किलो म्हणून मी साडेचार किलोवर लावला होता. दोरी खरी सात ते नऊ किलोची, गाठीपाशी ती आणखी कमी होणार, वर माशाचा झटका. ती तुटणारच होती.

दुसरी तपासणी जाडीची. पीई २ म्हणजे ०.२३५ मिलिमीटरच्या आसपास. पेन्सिलवर वीस वेढे एकमेकांना चिकटून घ्या आणि पट्टीने रुंदी मोजा. पावणेपाच मिलिमीटरच्या जवळपास यायला हवी. माझी सात भरली. म्हणजे पीई ४ पेक्षाही जाड दोरी, आणि ताकद निम्म्याहून कमी. जाड दोरी लांब जात नाही, वारा धरते, आणि १५० मीटर म्हणून दिलेली रिळावर मावतही नाही. म्हणून आता मी पौंडाच्या आकड्याकडे आधी बघतच नाही. तो कोणीही कितीही छापतो. पीईचा आकडा आणि मिलिमीटर बघतो, आणि मोजतो.

तिसरी सगळ्यांत सोपी. खरं ब्रेड पॉलिएथिलीनच्या धाग्याचं असतं आणि ते पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.९७. ते तरंगतं. पॉलिएस्टरची घनता १.३८, ते बुडतं. वाटीभर गोड्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर नुसतं अडकून राहण्याची शंका राहणार नाही. बोटभर तुकडा आत दाबून, बुडबुडे झटकून सोडा. माझा तुकडा सरळ तळाला गेला. जुन्या ब्रेडचा तुकडा वर आला. रंग सुटण्यावरून मात्र काही ठरवू नका. चांगल्या ब्रेडचाही रंग उतरतो, बोटांना लागतो.

लीडरचं बंडलही फ्लोरोकार्बन नव्हतंच, साधं नायलॉन, म्हणजे आपलं तंगूस. फ्लोरोकार्बन पाण्यात झपकन बुडतं, तंगूस रेंगाळत खाली जातं. खरं सांगायचं तर जिताड्याला पन्नास पौंडाचं चांगलं तंगूस लीडर म्हणून पुरतं. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी आणि तोंड कानशीसारखं खरखरीत, त्यामुळे जाडी महत्त्वाची. पण तंगुसाला फ्लोरोकार्बनचे पैसे का द्यायचे?

ल्यूरचं जास्त मनाला लागलं. सहाही ल्यूर कोमट पाण्यात बुडवून धरली. आतली हवा फुगते आणि सांधा कच्चा असेल तर बुडबुडे येतात; चारांमधून आले. अशी ल्यूर दोन फेकींत पाणी पिऊन जड होतात आणि चालायची थांबतात. रिंगा अंगठ्याच्या नखाने उघडत होत्या. गळ पकडीत धरून सामान तोलायच्या ताणकाट्याने ओढले तर तीन किलोला वाकायला लागले. एका ल्यूरच्या पुढच्या कडीला नुसता स्क्रू होता, तो हातात निघून आला. चांगल्या ल्यूरमध्ये एकच तार डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते, त्यामुळे ल्यूर फुटलं तरी मासा सुटत नाही.

पैसे ४,६५० गेले, ते भरून निघतील. पण तो मासा दोन तिकाटी गळ तोंडात घेऊन गेला. गळ जबड्याच्या कडेला असले तर कदाचित झडले असतील. दोन्ही जबडे एकमेकांना शिवले गेले असतील तर तो उपाशी मेला असेल. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. सात-आठ किलोचा म्हणजे बहुधा अंड्यावर येणारी मादी. आमच्या खाडीत असे मासे आता मोजकेच दिसतात. हे मी त्या विकणाऱ्याला लिहून पाठवलं. तपासणीचे फोटो पाठवले, बादलीचा व्हिडिओ पाठवला. त्याने "दादा, तुम्ही चुकीचं टेस्टिंग केलंय" एवढं लिहिलं आणि मला ब्लॉक केलं. महिन्याभरात तेच गोदाम, तेच फोटो दुसऱ्या नावाच्या पानावर दिसले.

ज्यांना अजून फसायचं राहिलंय त्यांच्यासाठी: आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर यातलं काही नव्हतं, नुसतीच जपानी अक्षरं. मस्कत-दुबईहून चुलतभाऊ घेऊन येतो त्या स्पूलवरही हे लेबल नसतं, पण तिथे आपण भावाला ओळखतो. ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी जाहीर करायला हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी. हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. नुसता मोबाईल नंबर आणि यूपीआय एवढ्यावर व्यवहार करू नका. पैसे गेले आणि माल आलाच नाही तर १९३० वर लगेच, त्याच तासात फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. माल आला पण खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पार्सल उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, आणि तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न तोच आला.

दुकानातून घेतानाही लाजू नका. दोन मीटर तोडून द्या म्हणा, त्याचे पैसे देतो म्हणा, घरी वाटीत टाकून बघा. आमच्या बाजारातल्या ज्या दुकानदाराकडून मी आता दोरी घेतो त्याने न कुरकुरता तोडून दिली. ती तरंगली, वीस वेढ्यांना पावणेपाच भरली, बादली पेलली, आणि त्याने बिलही दिलं. भाव अर्थातच तीन हजारांच्या वर.

खोट्या दोरीचं वापरलेलं स्पूल बारीक तुकडे करून टाकून दिलं. लांब दोरी कचऱ्यात गेली की तिथून खाडीत येते आणि बगळ्यांच्या पायात अडकते. दुसरं स्पूल तसंच, न फोडता, पार्सलच्या पिशवीसकट कपाटात आहे. यूपीआयची पावती, सगळं संभाषण आणि बादलीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन त्याच पिशवीत ठेवलाय. ग्राहक आयोगाकडे अर्ज लिहून झालाय; समोरच्याचा पत्ता मिळवणं तेवढं बाकी आहे. कस्टमचा लॉट, बिल नाही, आठ पेडी जपानी, असा मेसेज तुम्हाला आला तर उत्तर देऊ नका, पण तो नंबर आणि यूपीआय आयडी टिपून ठेवा.